मेंढीच्या मानेतला शब्द

कंब्रियात फाटकावर पाटी आहे :
कुत्र्यांनी मेंढ्यांना ‘वरी’ करू नये.
मला आधी उपासाची वरी आठवली,
मग शाळेत घोकलेला अर्थ, काळजी.
कुत्रं कसली काळजी करणार? हसलो.

हिल्डा थ्वेट हसली नाही.
मेलेली मेंढी तिनं उताणी केली,
लोकर बाजूला सारली.
नरड्याशी दातांची चार भोकं.
‘ही वरी,’ म्हणाली.

रात्री तिच्या स्वयंपाकघरात कोश उघडला.
हजार वर्षांपूर्वी : गळा आवळणे.
मग लांडग्यानं नरडं धरून हिसडणे.
पुढे नुसतं सतावणे.
मनापर्यंत पोचायला शब्दाला
एकोणिसावं शतक उजाडलं.
तोवर इंग्लंडातले लांडगे
केव्हाच संपले होते.

आमची काळजी काळजातच जन्मली,
तिला एवढी पायपीट पडली नाही.

बाहेर वारा. कॉलिनची बोट
मंगळवारपासून गप्प आहे.
हिल्डा पोरक्या कोकरासाठी दूध कोमट करते,
थेंब मनगटावर टाकून बघते.
मुलाचं नाव काढत नाही.
फक्त दुसरा हात
सारखा गळ्याशी जातो.
स्वेटरचा गळा तर
सैलच आहे.