कुठल्या महिन्याचं?

अर्जात चौकट एकच आहे: मासिक उत्पन्न.
दोना इरासेमा चष्मा नाकावर घसरवून विचारते,
कुठल्या महिन्याचं?

बेलेंच्या बंदरामागे ती असाईचा गर विकते.
ऑगस्टपासून नाताळापर्यंत होड्या टोपल्यांनी भरून येतात,
तेव्हा तिची बोटं जांभळी आणि गल्ला जड.
मार्चमध्ये नुसती बोटं,
तीही फिकी होत जाणारी.

सरासरी लिहू का, मी म्हणतो.
सरासरीवर कोण जेवतं, ती म्हणते.

मी तिच्यापुढे तीन पत्ते मांडतो.
काळं: विमानतळावर मऊ खुर्ची, फुकट कॉफी.
ती विमानतळावर एकदाच गेली होती,
भावाला मनाउसला पोचवायला.
खुर्ची कडक होती, म्हणते, पण बसले ना मी.
सोनेरी: खर्चावर गुण, गुणांवर सूटकेस.
त्या सूटकेसीसाठी किती उधळावे लागतील?
मी आकडा सांगतो.
ती हसते. रांगेत तिच्यामागचा कोळीही हसतो.
तिसरं साधं, त्याचा रंग सांगण्यासारखा नाही,
वार्षिक फी शून्य.
माझं कमिशनही शून्य, ते मी बोलत नाही.

हे 'कमीत कमी रक्कम' काय आहे?
पूर्ण बिल नाही जमलं तर निदान एवढं भरायचं.
आणि उरलेलं?
पुढच्या महिन्यात जातं.
एकटंच जातं, की पोरंबाळं घेऊन?

मी प्रिंटरकडे बघतो.

सिस्टीम तिला आठ हजार रेआलची मर्यादा देऊ करते.
ती म्हणते, बाराशे कर.
कमी?
गर काढायच्या यंत्राची मोटर बाराशेला येते.
ती जळली तर कार्ड.
दुसरं काही जळलं तर जळू दे.
आणि बिल दहा तारखेला लाव,
शाळेची खानावळ पाचला पैसे देते,
कधी सहाला,
आणि नवी मुख्याध्यापिका आल्यापासून आठला.

मर्यादा खाली आणायचं बटण
शोधायला मला वेळ लागला.
चार वर्षांत कुणी मागितलंच नव्हतं.

सही करताना तिच्या अंगठ्याचा डाग
बरोबर त्या चौकटीवर उमटला.
उठता उठता तिने विचारलं, तू कुठलं वापरतोस रे, एदिवान?
तेवढ्यात पुढचा टोकन नंबर लागला.
मी नंबर मोठ्याने वाचला.

काळं. नोकरीबरोबर मिळालेलं.
गेले सतरा महिने कमीत कमी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे,
पण आमच्याकडे झोपतात दोरीच्या झोळीत.
पाय लांब केले की झोळी ताणते
आणि वाटतं, जागा वाढली.
भिंतीतला हूक किती बाहेर आला
हे झोपलेल्याला दिसत नाही.

काल रात्री कूस बदलली
तर कानात थोडी माती पडली.