कारणाचा रकाना

उदगीरला, स्टेशनच्या रस्त्याला,
हुडगे इलेक्ट्रॉनिक्सच्या पाठीमागं
पत्र्याची एक खोली आहे. ती माझी.
पुढं काचेत नवं चमकतं,
मागं माझ्याकडं येतं ते
एकदा कुणाच्या तरी घरी राहून आलेलं.

खोकं तेच, चिकटपट्टी दुसरीच.
टीव्हीच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट.
मिक्सरच्या झाकणाला, खाचेत,
कारळाची चटणी वाळून बसलेली
आणि वर, "एकदाबी वापरला नाही ताई, आईशप्पत."
मी जुन्या टूथब्रशनं खाच घासते.
चटणी चांगली झाली असणार, वासावरनं कळतं.

कंपनीच्या ॲपात कारणं सहाच:
फुटलेलं, बंद, आवाज, चुकीचा माल,
पसंत नाही, इतर.
आठ वर्षं मी 'इतर' दाबत आले
आणि वहीत, पेन्सिलीनं, खरं लिहीत गेले.

थोरल्याला न विचारता आणला.
घरात प्लग एकच.
फ्रिज गोठ्याच्या भिंतीला लावला, म्हैस पान्हा चोरायली.
सासूला रिमोट मिळेना, मग कुणालाच नको.
कारण सांगितलं नाही. उन्हात उभी होती. पाणी दिलं.

शुक्रवारी खाजाभाईचा टेम्पो.
इथून लातूर, लातूरहून संभाजीनगर,
पुढं कुठं जातो माल, देव जाणे.
वीस दिवसांनी कागद येतो: दोष आढळला नाही.
भाडं आपलं, हमाली आपली,
क्रेडिट नोट तिसऱ्या महिन्याला, तीही कापून.
हुडगे मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे,
"मुद्रिकाताई, पुढच्या दारानं कमवायचं
आन् मागच्या दारानं वाटायचं, ह्योच का धंदा?"

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री
त्यांनी माझी वही घरी नेली.
सकाळी आले ते जागरणाचे डोळे घेऊन.
पानापानावर लाल गोल:
माळेवाडी. माळेवाडी. माळेवाडी.
कूलर सहा, मिक्सर चार, फ्रिज तीन.
तिथं सगळे बंद,
आमच्या बोर्डाला लावले की सगळे सुरू.

शिवदास वायरमन मीटर घेऊन जाऊन आला.
"दिवा लागतो," म्हणाला,
"पण संध्याकाळी काटा एकशे साठच्या वर चढंना.
यंत्राचा काय दोष?"

आता बिल करायच्या आधी विचारतात,
गाव कोणतं, डीपीपासून घर किती लांब.
स्टॅबिलायझर जोडून देतात, पैसे दिवाळीनंतर.
एका बाईला तर मालकच म्हणाले,
"आक्का, तुमच्याकडं हा चालायचा नाही, घेऊ नका."
पुढचा पोरगा बघतच राहिला.
कूलर यंदा कमी गेले.
परत मात्र एकच आला, तोही खरंच फुटलेला.
मार्चअखेर मालकांनी हिशेबाची वही मिटली,
बोलले काही नाहीत,
चहा मात्र दोनदा मागवला.
माझ्या पगाराचं बघू म्हणालेत.

खोली निम्मी रिकामी झालीय, खोकला तरी घुमतो.

परवा एक्स्चेंजमध्ये फोन आला एक,
काच तडकलेली, आतलं पुसायचं राहिलेलं.
सात वाजता कपाटातनं वाजायला लागला.
पडद्यावर गजराचं नाव:
"आता भांडू नको."
रोजचा गजर. रोज सात.
कुणी लावला, कुणासाठी,
बिलावर नुसता एक नंबर आणि वाढवण्याचा पत्ता.

फोन पुसला. पुसावाच लागतो.
वहीत रकाना मोकळाच ठेवला.

घरी पोचले तर नवरा दारात,
"कामून उशीर?" आवाज चढलेला.
मी चप्पल काढली,
माठातनं आधी पाणी घेतलं,
एक तांब्या त्यालाही दिला.