पान एक्याण्णव

आठवीत अकरा मुलं, पुस्तकाच्या प्रती सहा.
बाहेर उणे अडतीस.
तळं असं गोठलंय की त्याच्यावरून ट्रक जातात
आणि खिडकीच्या आतून धरलेल्या बर्फावर
कुणीतरी नखाने स्वतःचं नाव कोरून
पुन्हा अर्धं खोडलंय.

कादंबरी तशी साधी:
शहरातला मुलगा, काकाची बंद पडलेली स्नोमोबिल,
मदत आणायला गेलेला काका येतच नाही,
मग एकोणीस रात्री, एकटा,
आणि शेवटी अर्थातच हेलिकॉप्टर.
मला आवडली होती. मी दक्षिणेकडची,
इथली ही माझी दुसरीच थंडी.
म्हटलं, मत लिहा. आवडली, नाही आवडली, का ते.

रेलीन लिहिते:
एकोणीस दिवस नुसते ससे खाल्ले म्हणे.
सशात चरबी नसते.
पोट भरत राहतं आणि माणूस वाळत जातो.
लेखकाने माझ्या आत्याला
एक फोन तरी करायचा होता.

मॉरिस:
पान चाळीस. जानेवारी. लून पक्षी ओरडतो.
जानेवारीत लून इथे नसतो.
त्याला अक्कल आहे.

जेडनने तिसावं पान ओलांडलेलंच नाही.
'तो कुत्र्याला बांधून पुढे निघतो.
मी तिथेच थांबलो.'
खाली कुत्र्याचं चित्र. दोर काढलेला नाही.

टॅनिसचं अक्षर मुंगीएवढं:
तो सारखा निर्जन, निर्जन म्हणतो.
मी नकाशा लावून पाहिला.
दोन नद्या भेटतात तिथून थोडं वर,
तिथे दर ऑगस्टला आमचा तंबू असतो,
आम्ही बेरी तोडतो, धाकटा भाऊ चिखलात लोळतो.
तो हरवला होता, मान्य.
जागा हरवलेली नव्हती.

(इथे मी लाल पेन खाली ठेवलं.
चहा निवला होता, तो तसाच प्यायले.)

मग कोल. एरवी दोन ओळींच्या वर न जाणारा कोल:
सगळ्यात भारी जागा म्हणजे
नव्वदाव्या पानावर बर्फ तडकतो,
तो कमरेपर्यंत पाण्यात.
पान उलटलं की शेकोटीशी बसलेला,
मोजे काठीवर वाळत घातलेले.
मधलं काही सांगतच नाही.
हे मला खरं वाटलं.
बाबासुद्धा त्यांची ती रात्र
मोज्यांपासूनच सुरू करतात.

माझ्या प्रतीत मधलं सगळं होतं.
दोन पानं भरून: किंकाळी, आई, देव,
काळंकुट्ट पाणी, बर्फगार मृत्यू,
एका वाक्यात तीन तीन विशेषणं.
कोलची प्रत काढली, चौथ्या नंबरची.
एक्याण्णव-ब्याण्णव नाही.
शिवणीजवळ फाटक्या कागदाची दातेरी कड,
कधीची कोण जाणे.
कुणी शेकोटी पेटवायलाही नेलं असेल,
इथे असं होतं.

झेरॉक्स काढला. कागद मशीनमधून गरम आला.
थोडा वेळ नुसता हातात धरला,
बोटांना बरं वाटलं,
मग खणात, खडूंच्या डब्याखाली.

शुक्रवारी शाळा सुटताना कोल दारात थांबला.
'रेलीन म्हणते तिच्या पुस्तकात जास्त आहे.'
'आहे,' मी म्हटलं. 'हवंय?'

त्याने टोपी कानांवर ओढली,
एक हातमोजा घातला, दुसरा शोधला,
तो खिशातच होता.
खणाकडे बघितलं, जणू त्याला ठाऊक होतं.

'सोमवारी बघू.
उद्या बाबांबरोबर जाळी काढायला जायचंय.
बर्फाखालची.'