कॉइलवरचं साल

पाचगावात, तिसऱ्या मजल्यावर,
गिझर उघडला की आधी वास येतो,
ओल्या चुन्याचा, नव्या घराचा,
जणू आत कुणी गुपचूप भिंत बांधत होतं
आणि मी मधेच दार उघडलं.

सहा नट. सहावा नेहमी अडतो.
एरवी त्याला शिवी लागते,
पण चंद्रप्रभा कुंभोजे काकू
स्टूल घेऊन दारातच बसल्यात,
म्हणून नुसतं म्हणतो, चल बाबा, चल.

कॉइल निघते.
कॉइल कुठली, मनगटाएवढं जाड
पांढरं, खरबरीत काहीतरी,
समुद्रातनं ओढून काढल्यासारखं,
आणि समुद्र तर घाटाच्या खाली राहिला.

'एवढं, बाबालाल?'
एवढं. तीन वर्षांचं.
साडेतीनशे फुटांवरनं येतंय पाणी काळ्या दगडातनं,
रिकाम्या हातानं कसं येईल?
गोडं पाणी दिवसाआड, तासभर,
ते माठाला आणि डाळीला.
बोअरच्या पाण्यात तूर शिजत नाही, काकू सांगतात,
पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ
एकेक दाणा वेगळा, भांडल्यासारखी.

नळाच्या तोंडाला त्यांचं गाळणं,
दुहेरी, पांढरं, दोऱ्यानं आवळलेलं.
आता पांढरंही नाही, कडक झालंय,
वाळत घातलं तर उभं राहील.
सासरी आल्यापासनं एक थेंब
न गाळता वापरला नाही म्हणतात.
तिकडं गावी विहीर होती,
गाळण्यात अडकलेले जीव उलट्या धारेनं
परत विहिरीत सोडायचे, ज्याचं घर त्याला.
'इथं कुठं सोडू?
बोअरचं तोंड वीतभर, वर झाकण,
झाकणाला कुलूप,
किल्ली वॉचमनकडं, वॉचमन जेवायला.'

मी पक्कडीनं टकटक करतो.
साल तडकतं, बादलीत पडतं.
एक तुकडा अख्खा निघतो, पन्हाळीसारखा,
आतनं गुळगुळीत,
कॉइलचं वळण जसंच्या तसं घेतलेलं.
काकू तो उजेडात धरतात.
'हे गाळण्यातनं गेलं कसं?'

विरघळलेलं असतंय, काकू.
तापल्याशिवाय दिसत नाही.

त्या बराच वेळ बोलत नाहीत.
मग हसतात, पदर तोंडाला लावून:
'आमचे हेही तसेच होते.
चारचौघांत नितळ.
घरात तापले की मग
आठ आठ दिवस बसायचं सगळ्यावर.'
फोटोतले कुंभोजे सर
चष्म्याआडनं गिझरकडं बघतात.
मी लिंबूसत्व पाण्यात टाकतो,
फसफस होऊ देतो,
माझ्याकडं बोलायला तेवढंच होतं.

नवी कॉइल, रॉड, वॉशर, मजुरी.
पैसे त्या दोनदा मोजतात, चहा एकदाच विचारतात.
निघताना हातात पिशवी देतात,
बादलीतलं सगळं साल, बोळक्यांसारखं वाजणारं.
'जिथलं आहे तिथं सोड, बाबा.
जीव नसंल त्यात. पण आपलं नव्हे ते.'

खाली बोअरपाशी थांबलो.
झाकण, कुलूप.
बरगे मामा अजून जेवायला.
केसिंगभोवतीच्या सिमेंटला बोटभर भेग,
तिच्यात मुंग्या ये-जा करत होत्या.
एक तुकडा घालून बघितला, बसेना.
तेवढ्यात मोरेवाडीचा फोन,
वॉशिंग मशीन, पाणी घेत नाही,
घेईल कसं, जाळी बुजली असणार.

त्याला आज दहा दिवस झाले.
पिशवी डिकीत आहे.
कळंब्याच्या काठाला एकदा गाडी लावली,
पण ते पाणी वेगळं,
त्याच्या अंगावर दुसऱ्याचं कशाला टाकू?
आता तीत मोरेवाडीचं आहे, आर. के. नगरचं,
उचगावच्या एका इस्त्रीचंही आहे चमचाभर.
गतिरोधक आला की मागं खुळखुळतं.

काल पोरगीनं विचारलं, अब्बा, कसला आवाज येतोय?
म्हटलं, लोकांचं पाणी आहे,
पोचवायचं राहिलंय.