शंख क्रमांक एकेचाळीस

भाग चौथा, दीपगृहाचं बेट,
एकेचाळीसपैकी चाळीस शंख.
वहीत हीच ओळ
आधी निळ्या शाईत, मग काळ्या,
मग जुईच्या स्केचपेनने जांभळी,
कारण वही बदलली तरी आकडा बदलला नाही.

पहिला भाग सोपा होता. पहिले भाग सोपेच असतात:
तीन गुहा, एक पूल, कंदीलवाला पोरगा
आणि शेवटी समुद्रात सूर्य. शंभर टक्के.
दहावीच्या सुट्टीत, घणसोली गावठाणात,
जितेश मढवीच्या घरी.
बाहेर ओटीवर जवळा वाळत घातलेला,
आतून त्याची आई, "जेवाला या रं आता."
अजूनही कुठे शंभर टक्के दिसलं
की मला जवळ्याचा वास येतो.

दुसऱ्यात पिसं आली. दोनशे.
तिसऱ्यात पिसं, ताईत, आणि एक म्हातारा
जो फक्त अमावास्येला बोलतो,
आणि बोलला तर म्हणतो,
पुढच्या अमावास्येला ये.

चौथा आणला वाशीच्या शिजूकडून, साठ रुपयांत,
मार्करने नाव लिहिलेली सीडी.
चाळीस शंख आठ दिवसांत.
एकेचाळिसाव्यासाठी मात्र
दीपगृहाच्या प्रत्येक पायरीवर उड्या मारल्या,
प्रत्येक भिंतीला खांदा घासत चाललो,
ओहोटीची वेळ धरून खडकावर थांबलो
आणि भरतीत बुडून मेलो, किती वेळा.
जितेशला नोकरी लागली, लग्न झालं,
त्याने कॉम्प्युटर विकला.
मी भिंती घासत राहिलो.

नंतर महापालिकेत चिकटलो, पाण्याच्या मीटरांवर.
दिवसाला दीडशे घरं
आणि रोज एक तरी शेरा: दार बंद.
कोपरखैरण्यात एक खोली आहे,
सहा वर्षं दार बंद,
मीटर मात्र फिरतो. महिन्याला चार युनिट.
साहेब म्हणतात, सरासरी टाक आणि पुढे हो.
सरासरी टाकतो.
पुढे होत नाही.
जिन्यात उभा राहतो जरा वेळ,
आत नळ ठिबकतोय का, ऐकत.

मार्चमध्ये शिजू भेटला. आता मोबाइलची कव्हरं विकतो.
सहज विषय काढला, तर हसला:
"अरे, तो मूळ दोन सीडींचा गेम. आम्ही एकात बसवायचो.
थोडी गाणी काढायची, थोडे सीन,
कधी एखादी खोली. कोण बघतंय!"

कोण बघतंय.
मी बघत होतो, शिजू.
एकोणीस वर्षं,
तू कापून फेकलेल्या खोलीचं
दार.

चौथा आता नव्याने आलाय, चकचकीत.
हप्त्यांवर घेतला. घरात सगळी झोपल्यावर
दीपगृहात शिरलो, आणि जिन्याखाली
तळघर होतं.
होतं!
कोपऱ्यात शंख, इतका साधा, इतका समोर,
की मी उचललाच नाही लगेच.
पोरगा कंदील धरून उभा,
मी रिमोट धरून.
मग उचलला.
एकेचाळीस झाले. आणि त्याच झटक्यात
तिरक्या रेघेपलीकडचा आकडाही हलला:
चौसष्ट.
नव्या आवृत्तीत तेवीस वाढवलेत,
जुन्या चाहत्यांसाठी, प्रेमाची भेट म्हणून.

जुईने तोच गेम दोन संध्याकाळीत संपवला.
वाटेतले शंख तुडवत गेली.
"अगं, हे राहिले की!"
"कशाला? त्यांच्याशिवाय पण दार उघडतं, बाबा."
आणि नावांची यादी वर सरकत असताना
ती पाणी प्यायला उठलीसुद्धा.

सहावा भाग अजून प्लास्टिकमध्ये आहे.
आठव्याची जाहिरात आलीय.
मी वही उघडली,
जांभळ्या ओळीखाली लिहिलं:
चौसष्टपैकी एकेचाळीस.
आणि त्याखाली, का कोण जाणे:
सेक्टर पंधरा, दुसरा मजला,
चार युनिट.