दुय्यम ईमेल

नोकरी सुटली तेव्हा लॅपटॉप दिला, चार्जर दिला,
गळ्यातलं कार्ड दिलं, त्याची निळी दोरीसुद्धा.
सहीच्या कागदावर सर्टिफिकेटांचा रकाना नव्हता,
मला वाटलं, ती माझ्याबरोबर आली.

आली नव्हती.
पाचही अजून हिंजवडीतच आहेत,
फेज दोनच्या त्या काचेच्या इमारतीत,
माझ्या कंपनीच्या पत्त्याला बांधलेली.
पासवर्ड विसरलात का, विचारतं पान.
मी काही विसरलेले नाही.
ओटीपी पाठवलाय म्हणतं,
आणि तो जाऊन पडतो
जिथं आता कुणी राहत नाही अशा पेटीत.

सपोर्टवाला लिहितो:
ती व्यक्ती तुम्हीच, याचा पुरावा जोडा.
काय जोडू?
कर्वे रोडच्या सेंटरवर बाईंनी बाह्या वर करायला लावल्या,
मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवलं,
कानांमागे टॉर्च मारून बघितलं.
तिसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री लेक तापाने फणफणलेली.
एका हाताने तिच्या कपाळावरच्या घड्या बदलत
मी वहीत सबनेट मोजत होते,
पहाटे दूधवाला आला तेव्हा
दोन्ही उतरले होते, ताप आणि गणित.
फी कंपनीने भरली, खरंय.
जागरण कुणाच्या खात्यावर टाकलं होतं?

शेवटी इरफान तांबोळीला फोन लावला.
"मॅडम, दहा मिनिटं पेटी उघडतो.
तिकीट नाही, काही नाही.
चहा तेवढा पाजा कधीतरी."
सहा आकडे त्याने सावकाश सांगितले,
गॅसचा नंबर सांगावा तसे,
आणि शेवटचा दोनदा.

मग नव्या पत्त्याची रिकामी चौकट.
माझ्याकडे दुसरा एकच होता,
कॉलेजात असताना टिळक रोडच्या सायबर कॅफेत
तासाला पंधरा रुपये मोजून काढलेला:
मृणूचिमणी, पुढे जन्मसाल.
तीन कंपन्यांत लाजून कुणाला दिला नाही.
तोच टिकला.

पाचही आली.
"प्रिय मृण्मयी खळदकर", खाली चिमणी.
एकीची मुदत एकोणीस दिवसांत संपतेय,
पुन्हा बसायचं तर फी आता माझ्याच पर्समधून.

तारीख घेतली. गुरुवार, सकाळी साडेआठ.
मंगळसूत्र या वेळी घरीच ठेवून जाईन.