पखालजीचा चाकू

पन्हाळ्याच्या मोहिमेत माझी चिठ्ठी निघाली: पखालजी.
सरदारकी इंद्रजित चौगुलेकडं, कारण झूल त्याच्या पैशाची.
कट्यारी, बिचवे, पट्टे बाकीच्यांनी वाटून घेतले
मिसळीवरच्या कटासारखे,
मला उरलं पाणी.

तरी कमरेला काहीतरी हवं
म्हणून महाद्वार रोडवर हिंडलो.
मखमली म्यान, मुठीवर वाघ,
वाघाच्या डोळ्यात लाल काच.
"ओरिजनल शिवकालीन," पोरगा म्हणाला,
"डझनावर सूट हाय."

दस्तगीर शिकलगारानं ती तळहातावर घेतली,
आजारी कोंबडी तोलावी तशी.
"कापतीया?"
नाही.
"मग गंजतीया?"
तेही नाही, स्टेनलेस आहे.
"मग जल्माला कशापायी आली ही?"

सहाण थांबवून म्हणाला,
"तू कोन हाईस खेळात?"
पखालजी.
"पखालजीला कट्यार कोन देतंय, लेका?
वादी तुटली तर तो काय वापरत हुता, ते शोध."

मला मोगरा पाठ होता, परज पाठ होती,
मोहनाळ कुठं, तहनाळ कुठं, झोपेत सांगितलं असतं.
पण भर दुपारी, चढावर,
पाण्याच्या ओझ्याखाली वाकलेला माणूस
कमरेशी हात नेऊन काय काढतो,
हे कधी मनातच आलं नव्हतं.

एका जुन्या चित्राच्या फोटोत तो सापडला.
हत्तीच्या शेपटीमागं, अर्धाच,
चौकटीनं कापलेला.
कमरेपाशी एक काळी रेघ.
चाकू असेल,
किंवा चित्रकाराचा हात घसरला असेल.
मी पट्टी लावून मोजली ती रेघ.
दोन रात्री मोजली.

दस्तगीरला चालणार नव्हता ट्रकचा पाटा.
"चांगला असतो, पर ट्रकचा असतो."
बैलगाडीच्या धावेचा तुकडा आणला कुठूनसा,
वीतभर पातं, बाभळीची मूठ,
तीन खिळे, तिन्ही वेगवेगळ्या डोक्यांचे.
सुभाषनगरात बाळाप्पा सातपुत्यानं म्यान केलं,
दोऱ्याला हात न लावता, वादीनं.
म्हणाला, "नायलॉन पाहिजे तर दुसरीकडं जा."
मी कुठं मागितला होता?

चकमक घेतली, नळीत कापूस, चंचीत सुपारी.
शिदोरीत मिरचीचा ठेचा चालेल का
यावर दोन तास भांडलो आम्ही,
इतिहास हरला, ठेचा आला.

निघायच्या आदल्या रात्री मी सगळ्यांना तपासलं.
कुणाच्या सुरवारीत इलॅस्टिक,
कुणाच्या पागोट्याला आतून सेफ्टी पिन.
स्वतःचं घड्याळ काढलं,
मनगटावर त्याचा गोरा पट्टा राहिला.
तो कुठल्या शतकात ठेवू?
चष्मा काढला,
आणि ज्याच्यासाठी वर्षभर खपलो
तो सगळा काळ धुक्यात गेला.
मशाली तेवढ्या दिसत होत्या, पिवळ्या, फुटलेल्या.

चिखलात, म्हसाईच्या पठारावर,
चौगुलेच्या पायताणाचा अंगठा तुटला.
त्यानं आपली कट्यार ओढली.
निघाली नाही.
म्यानाला फेविकॉलनं चिकटवली होती,
पडू नये म्हणून.
बारा जणांच्या कमरा हत्यारांनी भरलेल्या,
आणि चामडं कापायला एक पातं नाही.
"पखालजी," तो म्हणाला. भावा नाही, नाव नाही.
"चाकू दे."

मी पखालीच्या तोंडाची वादी बोटभर कापली,
चाचपत, डोळे मिचकावत,
आणि सरदाराच्या पायाशी बसून अंगठा ओवला.
कुणी फोटो काढला नाही. फोन पोत्यात होते.
काढला असता तर मीही अर्धाच आलो असतो.

सकाळी पात्यावर मसुराएवढा तांबूस डाग.
दस्तगीरला फोन लावला: गंजला.
पलीकडं सहाण फिरत होती.
"मग जित्ता हाय," म्हणाला,
आणि लगेच,
"तेल घेऊन जा. वीस रुपये."